कन्याकुमारीची वही

मुलांनो, डोळे मिटा आणि एक घर मनात आणा. वाशीतलं, एकोणीसशे एक्क्याऐंशी सालातलं. बैठ्या जोडघरांची एक रांग, त्यातलंच हे एक. पुढचं दार रस्त्याकडे, मागचं दार इवल्याशा अंगणात. शेजारघराची आणि या घराची भिंत एकच. तिकडे कुणी शिंकलं की इकडे ऐकू येतं. आता असं समजा, की पुढच्या दाराला बाहेरून कुलूप आहे आणि आत तीन माणसं आहेत. त्यांना कुणी कोंडलेलं नाही. ती प्रवासाला निघाली आहेत.

नंदिनी तेव्हा दहा वर्षांची होती. दर मे महिन्यात ती चिपळूणला मामाकडे जायची. त्या वर्षी तिच्या बाबांनी, अरविंदरावांनी, तिला जवळ बसवून सांगितलं की नव्या घराचे हप्ते भरताना यंदा एस्टीचं भाडंसुद्धा जड जातंय. तेव्हा सुट्टी घरातच काढू, पण अशी काढू की मामाच्या पोरांना हेवा वाटेल. नंदिनीला रडू येत होतं, तरी ती रडली नाही. आपण शहाण्यासारखं वागलो, याचा तिला मनातून थोडा अभिमानही वाटला.

आणि सुट्टी खरोखर झकास सुरू झाली. खाट म्हणजे रेल्वेचा डबा. रोज एक नवं स्टेशन. कर्जतला आईने, जयमालाबाईंनी, बटाटेवडे तळले. सोलापूरला शेंगांची चटणी, मद्रासला तव्यावरचे डोसे. बाबा नकाशा उघडून बसायचे, स्टेशनांची नावं ओळीने लिहून घ्यायचे, कुठे कोणती नदी लागते ते सांगायचे. ऑफिसातून थकून येणारे बाबा दिवसभर तिचेच होते. तिने शंभर पानी वही केली. प्रत्येक पानावर वर स्टेशनाचं नाव, मध्ये चित्र, खाली दोन ओळी.

खेळाचे नियमही बाबांनीच ठरवले होते. पुढचं दार उघडायचं नाही, कारण चालत्या गाडीचं दार उघडत नाहीत. हळू बोलायचं, शेजारचे प्रवासी झोपलेत. रेडिओ बंद. कुकरची शिटीसुद्धा नाही. आई भात पातेल्यात शिजवायची. नंदिनीने सगळे नियम पाळले. खोकला आला तर ती उशीत तोंड खुपसायची.

एकच दिवस जड गेला. शेजारची नफिसा, तिची जिवलग मैत्रीण, दारात येऊन हाका मारू लागली. नंदिनीने खिडकीच्या फटीतून पाहिलं. नफिसाच्या फ्रॉकच्या ओच्यात जांभळं होती, आणि फ्रॉकवर त्यांचे डाग. नंदिनी उठली, पण बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. नफिसा बराच वेळ उभी राहिली, मग उंबऱ्यावर जांभळं ठेवून गेली. नंदिनीने त्या दिवशीच्या पानावर तेच काढलं: खिडकीची फट, पलीकडे डागांच्या फ्रॉकातली नफिसा. खाली लिहिलं, ‘मदुराई. नफिसा आली. गाडी चालू होती म्हणून मी उतरले नाही.’

कन्याकुमारीला मागच्या अंगणात तीन पराती पाण्याच्या ठेवल्या, तीन समुद्र म्हणून. बाबांनी त्यात मीठ घातलं. तिने चाखून बघितलं.

पंधराव्या दिवशी पहाटे बाबा मागून जाऊन कुलूप काढून आले. दोन बॅगा त्यांनी दाराशी ठेवल्या. मग नंदिनीला म्हणाले, “कुणी विचारलं तर खरंच गेलो होतो म्हणायचं.”

“पण आपण खेळत होतो ना, बाबा?”

आई कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही.

मग बाबांनी समजावलं. ऑफिस काही वर्षांतून एकदा लांबच्या प्रवासाचं भाडं देतं. त्यांनी ते आधीच उचललं होतं, आणि ते घराच्या हप्त्यांत गेलं होतं. गेलोच नाही हे कळलं तर नोकरीवर बेतेल. आणि नफिसाचे वडील, अब्दुर्रहमानचाचा, बाबांच्याच ऑफिसात.

“तिकिटं हरवली म्हणून सांगेन,” बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले. “तुझी वही आहे ना. सगळी स्टेशनं ओळीने आहेत.”

नंदिनी खाटेवर बसली. वडे कुणासाठी होते आणि नकाशा कशासाठी होता, हे तिला आता वेगळं करता येईना. मिठाचं पाणी तर तिने खरं मानून चाखलं होतं.

संध्याकाळी चाचा नफिसाला घेऊन आले. बसता बसताच हसून म्हणाले, “काय गो नंदू, समुद्रावर जाऊन आलीस नि जराही काळी पडली नाहीस?”

बाबा घाईने म्हणाले, टोपी घालून फिरत होती.

नफिसा हसली नाही. “मी आले होते. आतून खोकला ऐकू आला.”

“बंद घरात कोण खोकणार?”

“मी ऐकला, अब्बा.”

“खोटं बोलायला कुठे शिकलीस?” चाचांचा आवाज चढला. “माफी माग अरविंदकाकांची.”

“भास झाला असेल पोरीला,” बाबा म्हणाले. “जाऊ द्या. नंदू, वही आण. चाचांना दाखव.”

नफिसाची मान खाली गेली होती. तिच्या फ्रॉकवरचे जांभळे डाग धुऊनही गेले नव्हते.

नंदिनी आत गेली, वही घेऊन आली. बाबांनी हात पुढे केला. तिने त्या हाताला वळसा घातला, मदुराईचं पान उघडलं आणि वही नफिसाच्या मांडीवर ठेवली.