सुपडूच्या मक्यातील माशी

पिंप्राळ्याच्या कुंदाबाईंनी सत्तावीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले, आणि निवृत्त झाल्यावरही जिल्हाभरातून लोक त्यांना माश्यांचे फोटो पाठवून नावे विचारीत. बाईंचा दंडक एकच. वरून काढलेल्या फोटोला उत्तर नाही. "कुशीवरून काढा, मग विचारा," एवढे लिहून त्या मोकळ्या होत. हा दंडक त्यांनी सोमवारी मोडला, आणि तोही धाकट्या दिरासाठी, सुपडूसाठी.

पाचोऱ्याजवळच्या शेतात सुपडूच्या मक्यावर लष्करी अळी पडली होती. फवारणीची तयारी चालू असताना एका मेलेल्या अळीवर करडी, राठ केसांची माशी बसलेली त्याला दिसली. त्याने वरून फोटो काढून पाठवला. बाईंनी तत्काळ कळवले, "ही परोपजीवी माशी. हिची पिले अळीला आतून खातात. औषध मारशील तर हीच मरेल. थांब." घरचा मका होता, घाई झाली.

सुपडू थांबला. गुरुवारी त्याने पुन्हा तशीच माशी बाटलीत धरली आणि या वेळी कुशीवरून फोटो पाठवला. बाईंची जुनी विद्यार्थिनी हेमांगी त्या दिवशी धुळ्याहून आलेली होती. बाईंनी चष्मा पुसून फोन तिच्यापुढे धरला.

"परोपजीवी माशीला पाठीवरच्या ढालीसारख्या भागाखाली फुगीर कड असायला हवी, बाई. मला दिसत नाही."

"मलाही दिसत नाही."

"मग मांसमाशी. मेलेल्या अळीच्या वासाला आलेली."

"मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलेत." हेमांगीने चहाची कपबशी सरकवली. "खरी माशीही असेल शेतात. दोन दिवस वाट पाहायची का?"

"अळी वाट पाहत नाही."

सुपडू ही गोष्ट घरच्या प्रत्येक लग्नात मीठमसाला लावून सांगणार, हे बाई जाणून होत्या. त्यांनी फोन लावला.

"माझे चुकले. ती माशी अळी मारणारी नव्हे. अळ्यांनी मधल्या कोवळ्या पानांचे पोंगे किती खाल्ले?"

"निम्मा मका खायेल शे, वहिनी. म्हणजे चार दिन अळीसना पाहुणचार तुम्हनाच नावे."

"माझ्याच नावे. आज संध्याकाळी फवार. औषध पोंग्यात गेले पाहिजे, आणि तोंड बांधून घे."

"अन् लग्नाच्या पंगतीत सांगू का?"

"सांग. पूर्ण सांग. अर्धे सांगशील तर उरलेले मी सांगेन."

पलीकडे तो हसला. बाई हसल्या नाहीत.

"आणि फवारण्याआधी वीस जिवंत अळ्या वेचून ठेव. एका डबीत एकच. एकत्र ठेवल्यास त्या एकमेकींना खातात. त्यांतून माशी निघाली, तर पुढच्या हंगामात तुला थांब म्हणेन. नाही निघाली, तर म्हणणार नाही."

"फोटो धाडू मंग?"

"फोटो नको," कुंदाबाई म्हणाल्या. "डब्या घेऊन ये."