दोन्ही हात प्लास्टरमध्ये

बदनापूरच्या उषाबाई साळवे पस्तीस वर्षं नर्स होत्या. लग्न केलं नाही. वेळ मिळाला नाही, असं त्या सांगत. रिटायर झाल्यावर स्टेशनामागच्या घरात एकट्या राहत आणि दर बुधवारी चर्चच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थनासभा घेत. सभेत त्या एकच गोष्ट सांगत : आपल्या बळावर भरवसा ठेवू नका, प्रभूवर ठेवा. त्यांचं स्वतःचं बळ भरपूर होतं. गॅसची टाकी त्या एकट्याच उचलून आत आणत.

एका रविवारी जालन्याहून उपासना करून परतताना स्टेशनाच्या जिन्यावर त्यांचा पाय घसरला. दोन्ही मनगटं मोडली. डॉक्टरांनी बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे सांगितले. मंडळीतली शीतल, शाळेत शिकवणारी, म्हणाली, "बाई, मी येऊन राहते."

"काही गरज न्हाई. प्रभू आहे ना," उषाबाई म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी दाराची कडी दातांनी काढली. केळं सोलता येईना, म्हणून सालीसकट खाल्लं. बाकीच्या गोष्टी कशा निभावल्या, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी त्यांनी रीतसर प्रार्थना केली. आधी आजाऱ्यांसाठी, मग चर्चच्या पाळकसाहेबांसाठी, मग स्वतःसाठी : "प्रभू, मला बळ दे." आमेन म्हणून गॅसचं बटण फिरवून पाहिलं. फिरलं नाही.

दुपारी शेजारच्या इचरजबाई आल्या. धान्याच्या दुकानवाल्या मदनलालजींच्या त्या पत्नी.

"सिस्टर, दोन दिवस झाले, तुमच्या घरून फोडणीचा वास न्हाई."

"भूक न्हाई, भाभी."

इचरजबाईंनी ओट्यावरच्या अर्ध्या झालेल्या केळ्यांच्या फणीकडे पाहिलं. मग कचऱ्याच्या डब्यात पाहिलं. सालं कुठंच नव्हती. घरी गेल्या, खिचडी घेऊन आल्या, समोर बसल्या आणि चमचा पुढे केला.

उषाबाईंनी तोंड मिटून घेतलं. असे शेकडो पेशंट त्यांनी पाहिले होते. त्यांना त्या हट्टी म्हणत.

"मी सकाळपासून देवाकडं बळ मागून राह्यले," त्या म्हणाल्या.

"ते येईल मंग. आता खिचडी आली. जल्दी खा, थंड होऊन राह्यली."

उषाबाईंनी खाल्ली. खाताना रडू आलं, पण डोळे पुसता येईनात. इचरजबाईंनी ते पदरानं पुसले आणि पुढचा घास दिला.

बुधवारी सात बायका आल्या. त्यांतल्या कौसल्याबाईंनी बायबल उघडून धरलं. वाचन झाल्यावर उषाबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "कुणासाठी काय मागायचं?" कौसल्याबाईंनी गुडघा सांगितला. कुणी मुलाची नोकरी सांगितली. मग शीतलनं विचारलं, "आणि तुमच्यासाठी?"

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता, कारण त्यांनी तो विचारू दिला नव्हता.

"माझं काय..." म्हणून त्या थांबल्या. "मला भेव वाटून राह्यलं," त्या म्हणाल्या. "हे हात असेच राहिले तर? देव मला कामाची बाई म्हणून ओळखतो. आता काम न्हाई. त्याला काय सांगू, ते सुचत न्हाई."

"तेच सांगा ना," कौसल्याबाई म्हणाल्या.

"काय?"

"सुचत न्हाई म्हणून."

हात जोडता येत नव्हते. उषाबाईंनी ते मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. "प्रभू, मला काही सुचत न्हाई. माझ्याच्यानं होत न्हाई. तू बघ."

एवढंच. अजून काही येईल म्हणून बायका थोडा वेळ थांबल्या. मग आमेन म्हणाल्या.

शीतल त्याच संध्याकाळी पिशवी घेऊन आली. उषाबाईंनी तिला नको म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या सकाळी आठपर्यंत झोपल्या. श्वास चालू आहे ना, हे शीतलला दोनदा जवळ जाऊन पाहावं लागलं.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. उजवी मूठ अजून पुरती मिटत नाही, बहुधा मिटणारही नाही. उषाबाई रोज सकाळी देवाकडे एकच गोष्ट मागतात : आज कणीक मळू दे, किंवा आज डब्याचं झाकण निघू दे. कधी जमतं. जमलं नाही तर भिंतीपलीकडे हाक मारतात. पूर्वी पेशंटच्या नातेवाइकांवर चढणारा त्यांचा आवाज आता बराच खाली आला आहे. आणि भेव? विचारलं तर त्या म्हणतात, "येतं की. आलं की प्रभूला सांगते."

पाळकसाहेबांनी त्यांना उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सांगायला सांगितलं. उषाबाईंची साक्ष वीस मिनिटांची असते, हे माहीत असल्यामुळे मंडळी नीट टेकून बसली.

"मी सगळ्यांना सांगत होते, प्रभूवर टेका म्हणून," उषाबाई म्हणाल्या. "मी स्वतः टेकले नव्हते. पडल्यावर टेकले. तो हलला न्हाई."

आणि त्या जागेवर जाऊन बसल्या. पाळकसाहेबांना पुढचं गीत शोधायला जरा वेळ लागला.