परातीवरचं नाव

किर्ती झोपली की माझ्या हातात चाळीस मिनिटं असतात. कधी पन्नास. त्यात मी बँकेच्या परीक्षेचं पुस्तक उघडते आणि दर वेळी त्याच पानावर जाऊन आपटते. विधाने आणि निष्कर्ष.

'सर्व कप बशा आहेत. काही बशा खुर्च्या आहेत. निष्कर्ष एक: काही कप खुर्च्या आहेत. निष्कर्ष दोन: काही खुर्च्या बशा आहेत.'

मी बेधडक लिहिलं, दोन्ही बरोबर. मागे उत्तर पाहिलं तर फक्त दुसरा.

"काय झाला गो? तोंड कनाला पाडलंस?" सासूबाई वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

मी त्यांना प्रश्न वाचून दाखवला. त्यांनी शेंग हातातच धरून ठेवली.

"कप कवा बशी झाला?"

"आई, तसं मानून चालायचं असतं. विधान खोटं वाटलं तरी खरं धरायचं आणि बघायचं, त्यातून काय निघतं."

"मंग या पुस्तकवाल्याला त्याची बायको चाय कशात देते?"

माझ्या सासूबाई, मोतीबाई, म्हणजे मांजर्लीतल्या जुन्या आगरी घरातल्या. शेती गेली, तिथे बिल्डिंगी आल्या, त्यातल्याच एकीत तळमजल्यावर आम्ही राहतो. सासूबाईंना सगळं कळतं आणि जे कळत नाही त्याच्यावरही त्यांचं मत असतं. मी अंबरनाथच्या बुवापाड्यातून लग्न होऊन आले तेव्हा थोडी घाबरायचे. आता आम्ही दोघी मिळून किर्तीला घाबरतो.

किर्ती दीड वर्षाची आहे. कुत्रा दिसला की 'भुभू' म्हणायला तिला आजीनं शिकवलं. हे चांगलंच झालं, पण मग गाय भुभू झाली, बोकड भुभू झाला, आणि एकदा टपरीवरचं चार पायांचं स्टूलसुद्धा भुभू झालं. आम्ही पोट धरून हसतो. तीही हसते.

डिसेंबरात नणंदेचं, जिज्ञासाचं लग्न होतं आणि घरात एकच घोर होता. धवलारीण कोण?

आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो नंतर. आधी धवलारीण लागते. ती मांडवात बसून धवले गाते, हळदीचा प्रत्येक विधी तिच्या गाण्यावर पुढे सरकतो. आमच्या आळीची धवलारीण एकच, समोरच्या दारातली गयाबाई. सासूबाईंची पस्तीस वर्षांची मैत्रीण. आणि जुलैपासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कारण एक पितळेची परात.

जुलैत उल्हास नदीचं पाणी चढलं तेव्हा आळीतल्या बायकांनी जिन्यात रांग लावून सगळ्यांची भांडी हातोहात गच्चीवर पोचवली. पाणी ओसरल्यावर गच्चीत भांड्यांचा हा एवढा ढीग, आणि त्यात नावं वाचून वाटणी. त्या ढिगातल्या एका रुंद परातीवर गयाबाईंनी हात ठेवला. "ही माजी."

सासूबाईंनी परात उचलून उन्हात धरली. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: मोतीबाई.

"वाचता येतंय ना? माज्या सगल्या भांड्यांवर माजा नाव हाय. हिच्यावर माजा नाव हाय. मंग ही कोनाची झाली?"

गच्चीत चाळीस-पन्नास माणसं उभी होती. गयाबाईंनी एकदा सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं, परात सोडली आणि एक अक्षर न बोलता जिना उतरल्या.

जिज्ञासाची तारीख ठरल्यावर सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला, धर्मेशला, आमंत्रण घेऊन पाठवलं. तो परत आला. "काकी बोलते, तिचा आवाज बसलाय."

त्याच वेळी समोरच्या दारातून कोळणीला ओरडण्याचा खणखणीत आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला.

"टेन्शन कशाला घेते, आई?" धर्मेश म्हणाला. "यूट्यूबवर धवले हायत. डीजेवाल्याला सांगतो, लावेल."

"यूट्यूब पोरीच्या कपालाला हलद लावील काय?" सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. मी पाणी द्यायला गेले तर त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. "माज्या लग्नात तिच्या सासूनं गायला," त्या हळूच म्हणाल्या. "धर्मेशच्या लग्नात तिनं गायला. जिज्ञासाची हलद काय मुकी लागंल?"

जिज्ञासाच्या आंदणाची भांडी घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो. सासूबाई, मी आणि माझ्या कडेवर किर्ती. सिंधी शेठनं हंडे, कळशा, डबे सगळं मांडलं आणि नाव घालायचं मशीन हातात घेऊन विचारलं, "माताजी, नाम किसका डालूँ? देनेवाले का या लेनेवाले का?"

"देनेवाले का," सासूबाई लगेच म्हणाल्या. "हमारे में हमेशा देनेवाले का. नायतर लोकांना कसा कलनार, कोनी काय दिला?"

मशीन घर्र करत चालू झालं. पितळेवर ठिपके उमटायला लागले. मो... ती...

तेवढ्यात किर्तीनं शेठच्या स्टुलाकडे बोट केलं. "भुभू!"

मी हसले नाही. मी त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. कुत्र्याला चार पाय. स्टुलाला चार पाय. म्हणून स्टूल कुत्रा. माझ्या भांड्यांवर माझं नाव. परातीवर माझं नाव. म्हणून परात माझी.

घरी आल्यावर किर्तीला मांडीवर थोपटून झोपवलं आणि पुस्तक काढलंच नाही. मांडणीवरून एक स्टीलचा डबा काढून सासूबाईंसमोर ठेवला.

"आई, हा डबा कुणाचा?"

"आपला. कोनाचा असंल?"

"नाव कुणाचं आहे?"

त्यांनी डबा लांब धरून वाचलं. "कौसाबाई. माजी मावस जाऊ. धर्मेशच्या बारशाला दिलान तिनं."

मी कळशी ठेवली. "आणि ही?"

"आपलीच. ठमाबाईनं दिली, माज्या लग्नात."

"मग ही ठमाबाईंची नाही? नाव तर त्यांचं आहे."

"येडी हायस काय? त्यांनी दिली म्हंजे..."

सासूबाई थांबल्या. माझ्याकडे बघितलं, मग भिंतीला टेकवलेल्या परातीकडे.

मी जमिनीवर पिठानं एक मोठं वर्तुळ काढलं. "ही तुमच्या नावाची सगळी भांडी." त्याच्या आत छोटं काढलं. "ही तुमच्या घरातली, तुमच्या नावाची. ही सगळी मोठ्या वर्तुळात आहेत, बरोबर. पण मोठ्यातली सगळी छोट्यात आहेत असं कुठे आहे? तुम्ही पस्तीस वर्षांत जेवढी भांडी लोकांना दिलीत, ती या मधल्या जागेत आहेत. परात मोठ्यात आहे एवढंच आपल्याला माहीत आहे."

"मंग ती गयाबायची?"

"तसंही म्हणता येत नाही."

"माजी पन नाय, तिची पन नाय?"

"तुमची असेल, त्यांची असेल. नुसत्या नावावरून निष्कर्ष निघत नाही. पुस्तकात असंच उत्तर असतं, शेवटचा पर्याय."

"जल्ला तुजा पुस्तक," सासूबाई म्हणाल्या, पण आवाजात राग नव्हता. त्यांनी पिठाच्या त्या मधल्या पट्ट्याकडे बघितलं. मग एकदम हसायला लागल्या. "आपन किर्तीला हसतो. नी मी पन्नास लोकांत काय केला? स्टुलाला भुभू बोलले."

संध्याकाळी त्यांनी परात चिंचेनं घासली. इतकी घासली की त्यात त्यांचा चेहरा दिसायला लागला. डोक्यावर पदर घेतला, परात काखेत धरली आणि समोरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी किर्तीला घेऊन मागे.

गयाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही.

"काय गो," त्या म्हणाल्या, "नाव मिटला काय परातीवरचा?"

"नाव हाय," सासूबाई म्हणाल्या. "मी निस्ता नावच वाचला, गये. परात माजी हाय का तुजी हाय, मना सांगता येत नाय. माज्या सुनंच्या पुस्तकात तसाच उत्तर हाय. पन तवा मी गच्चीत जसा बोलले तसा बोलाया नको व्हता, येवढा मात्र नक्की. ही ठेव."

परात जमिनीवर टेकली तशी घंटेसारखी वाजली. गयाबाईंनी सूप बाजूला सारलं. काठावर बोट फिरवत राहिल्या.

"माज्या अल्पेशच्या हलदीला," त्या शेवटी म्हणाल्या. "हिच्यात पाच पायली तांदूल भरून तू सोता डोक्यावर घेऊन आलीस. पाय सटकला तुजा त्या पायरीवर. तरी परात सोडली नाय."

सासूबाई मटकन पायरीवर बसल्या. "तांदूल... व्हय गो. गुडघा फुटला व्हता माजा." त्यांनी गुडघ्याला हात लावला, जणू आत्ताच लागलं. "मना गुडघा आठवला नी परात नाय आठवली! मंग त्या दिसाला बोललीस का नाय?"

"काय बोलू? पन्नास लोकांत सांगू, मोते, तू दिलेली वस्तू तू इसरलीस नी परत मागतेस? तुजी लाज गेली असती." गयाबाईंनी नाक ओढलं. "माजी गेली ती पुरे झाली."

मला वाटलं, आता दोघी रडणार. किर्तीला मात्र सूपभर तांदूळ दिसले होते. ती माझ्या हातातून सुटली आणि दोन्ही मुठी भरून तांदूळ परातीत टाकायला लागली. छन छन आवाज झाला. तिनं परत टाकले.

"बग," गयाबाई म्हणाल्या, "नात आजीचाच काम करते."

"गये, येशील ना गायाला?"

"आवाज बसलाय माजा."

"त्या दिसाला कोलनीला तर..."

"ती कोलीण येगली." गयाबाईंनी डोळे पुसले. "येते. पन एक सांगते. धवल्यात तुजा नाव घेनार. सोडनार नाय तुना."

हळदीच्या दिवशी हळद त्याच परातीत कालवली. धर्मेशचा डीजे दुपारपासून तयार होता, पण गयाबाई मांडवात बसल्या तसा सासूबाईंनी स्वतः जाऊन वायर काढली. गयाबाईंनी देवाची नावं घेतली, पूर्वजांना बोलावलं, जिज्ञासाच्या कपाळाला हळद लावली. आणि मग आवाज जरा चढवून, सासूबाईंकडे डोळा ठेवून:

चार पायांची गाय गो, किर्ती बोलं भुभू गो,
नाव परातीवर हाय गो, मोती बोलं माजी गो,
सून बसली शिकवाया, सासू झाली पोर गो!

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. सासूबाईंनी पदर तोंडावर ओढला आणि पदराआडून परातीवर ताल धरला. जिज्ञासा रडायची ती हसली, आणि हळद तिच्या दातांना लागली.

परवा उल्हासनगरच्या शेठचा फोन आला. एका हंड्यावर नाव घालायचं राहिलं होतं.

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "शेठ, दोनों का डालो. देनेवाले का भी, लेनेवाले का भी. हां, बडा बडा. आनि तारीख पन." मग फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या, "तुज्या त्या वर्तुलाच्या मदल्या जागंत आता कोनी हरवाया नको."

मी मान डोलावली आणि कप-बशांचं पान उघडलं. किर्ती झोपली होती. चाळीस मिनिटं होती.

"काय आला उत्तर?" थोड्या वेळानं सासूबाईंनी विचारलं.

"फक्त दुसरा."

"मी तवाच बोलले व्हते," त्या शेंग सोलत म्हणाल्या, "कप कवा खुर्ची व्हत नाय."

उत्तर बरोबर होतं, कारण साफ चुकीचं. मी पान उलटलं.