एकोणीस दिवस

“मच्छिंद्रा, तुझ्या भावाला एकोणीस दिवस कमी पडून राह्यलेत.”

जालन्याच्या कोर्टाचे शिरस्तेदार अप्पाराव यांनी चष्मा कपाळावर सारला आणि रामकिसनची सनद टेबलावर फिरवून मच्छिंद्रापुढे धरली. मच्छिंद्र त्याच कोर्टात पट्टेवाला होता. न्यायाधीश साहेबांच्या दालनाच्या दाराशी त्याची सव्वीस वर्षं गेली होती. सनदेवरची तारीख त्याला लगेच वाचता आली. नऊ मे चौऱ्याहत्तर.

“अन् जजच्या जागेच्या अर्जाची अखेर वीस एप्रिल. ह्याच महिन्याची,” अप्पाराव म्हणाले. “सत्त्याहत्तरच्या मे मधी वकिलीची तीन वर्षं पुरी होतील. अर्ज तर एप्रिलात गेला पाह्यजे.”

“पर वकिलीची परीक्षा तर तो त्र्याहत्तरलाच पास झाल्ता ना, साहेब?”

“पास होऊन काय उपयोग? वकिली सनदेपासून मोजतात, बाबा. निकालापासून न्हाई.”

हे मच्छिंद्राला ठाऊक नव्हतं असं नाही. न्यायाधीश होण्याची वाट त्याला पायरी पायरीनं पाठ होती. आधी पदवी, मग कायद्याची पदवी, मग मुंबईहून सनद, मग तीन वर्षं वकिली. त्यानंतर लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा आणि मुलाखत. निवड झाली की तालुक्याच्या गावी सगळ्यांत खालच्या न्यायाधीशाची खुर्ची, आणि तिथून वर जिल्हा न्यायाधीशापर्यंत. अकरा साहेब या वाटेनं आलेले आणि बदलून गेलेले त्यानं पाहिले होते. धाकट्या भावाला ही वाट दाखवली तीही त्यानंच. हसनाबादच्या शाळेत मास्तरकी करता करता रामकिसन कायदा शिकला. नोकरीत असताना सनद मिळत नाही, म्हणून त्यानं राजीनामा दिला. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. आता जूनमध्ये त्याला चाळिसावं वर्ष पुरं होणार होतं, आणि मागासवर्गीयांची सवलत धरूनही वयाची अट चाळीसच होती. पुढची जाहिरात निघेल तेव्हा त्याचं वय उलटलेलं असणार.

अप्पारावांनी आवाज खाली आणला. “एक करता येतं. अर्जाला कोर्टाचा दाखला लागतो, त्यावर ‘तीन वर्षं वकिली केली’ इतकंच लिहितो, तारीख घालत न्हाई. मूळ सनद मुलाखतीत तपासतात, तवर दिवस भरून जातील. जजसाहेब शनिवारी ढीगभर सह्या करतात, वाचत न्हाईत. अन् फाइल आत कोण नेतं? तूच ना?”

“विचारून सांगतो,” म्हणून मच्छिंद्र उठला.

आवारातल्या कडुनिंबाखाली रामकिसनचं टेबल होतं. तो दाव्याचा मसुदा तपासत बसला होता.

“झाला का दाखला, दादा?”

मच्छिंद्र समोरच्या स्टुलावर बसला. तीन वर्षं त्यानं जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते आता सांगावंच लागणार होतं.

“रामकिसन, सनदेचा अर्ज तू मला चौऱ्याहत्तरच्या मार्चात दिल्ता. पाच तारखेला.”

“हां. टपालानं उशीर केला म्हणालास.”

“टपालानं न्हाई केला. मी ठेवला व्हता. पेटीत.”

रामकिसननं पेन खाली ठेवलं.

“चौदा एप्रिलला जयंती व्हती,” मच्छिंद्र म्हणाला. “म्हणलं, आपल्या घरातला पहिला वकील. बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवून मंगच टपालात टाकावा. चांगला दिवस म्हणून...”

“चांगला दिवस!” रामकिसन एकदम एवढ्या मोठ्यानं बोलला, की पलीकडचा टायपिस्ट थांबला. “छप्पन साली दीक्षा घेतली तवा मुहूर्त, पंचांग सगळं सोडलं ना आपण? घरातलं पंचांग चुलीत घालताना मला कुणी उभं केल्तं? तूच ना? अन् तूच मुहूर्त बघत बसला? टपालात टाकायला दिल्ता दादा, पूजेला न्हाई!”

मच्छिंद्रानं अप्पारावांचं म्हणणं सांगितलं, अगदी जसंच्या तसं.

रामकिसननं मसुदा बाजूला सारला. मग म्हणाला, “फाइल तुझ्या हातात असते. तू नेशील का?”

सव्वीस वर्षांत मच्छिंद्रानं कितीतरी फायली आत नेल्या होत्या. कुणी चहा पाजून, कुणी हात जोडून ‘हा कागद तेवढा मधी सरकव’ म्हणालं होतं. त्यानं कधी फाइलीची दोरीसुद्धा सोडली नव्हती. आज सोडली, तर भावाचं आयुष्य सरळ होणार होतं. आणि वाकडं त्यानंच केलं होतं.

“न्हाई,” तो म्हणाला. “मला न्हाई जमायचं.”

“मंग मला कशाला विचारायला आला?” रामकिसननं कागद गोळा केले आणि तो बाररूमकडे निघून गेला.

वीस एप्रिल बुधवारी आला आणि गेला. रामकिसननं अर्ज पाठवला नाही. रोज दुपारी दोघं भाऊ एका डब्यातलं खायचे, तेही थांबलं. येता-जाता समोर आला तर रामकिसन बाजूनं निघून जाई.

मे महिन्यात एका सकाळी मंठ्याकडची एक बाई कापडात गुंडाळलेले कागद घेऊन कोर्टाच्या दाराशी आली. तिला नवऱ्यानं टाकलं होतं आणि तिची पोटगीची तारीख होती.

“दादा तुमीच का?” तिनं विचारलं. “मी गिरिजा. तिकडं झाडाखाली ते जजसायब बसलेत ना काळ्या कोटातले, त्यांनी धाडलं. म्हणले, दारापाशी माझा दादा हाय, त्याला इचार. तो बराबर बसवील अन् नाव निघालं की सांगील. बिलकुल भिऊ नको म्हणले.”

मच्छिंद्रानं झाडाकडे पाहिलं. रामकिसन मान खाली घालून काहीतरी लिहीत होता.

“ते जज न्हाईत, आक्का,” तो म्हणाला. “वकील हाईत. तुझे वकील. जजसाहेब आत बसतात.”

“अस्सं व्हय. मंग ते वकील चांगले हाईत ना?”

“चांगले हाईत.”

त्यानं भिंतीलगतच्या बाकावर बसलेल्या दोघा माणसांना सरकायला लावलं आणि पंख्याखालची जागा तिला करून दिली.