दोराच्या खालच्या टोकाला

पोतं वरून आलं आणि थेट नंदकिशोरांच्या नाकासमोर येऊन थांबलं.

सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन जिना चढत होते. मुलुंडच्या त्या चार मजली इमारतीला लिफ्ट नाही, आणि जिन्याच्या मधली मोकळी जागा तळापासून गच्चीपर्यंत आरपार आहे. त्या जागेतून उकड्या तांदळाचं पोतं सणसणत खाली आलं, दोराला हिसका बसला आणि पोतं त्यांच्या चष्म्यापासून वीतभर अंतरावर गरागरा फिरू लागलं. नंदकिशोरांनी आधी पोत्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग खाली. वर तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून सत्तरी गाठलेल्या सुलक्षणाबाई मेस्त्री वाकून बघत होत्या. खाली त्यांचे यजमान काशीराम कमरेला पट्टा बांधून, दोर दोन्ही हातांनी आवळून, डोळे गच्च मिटून उभे होते.

"धरलंस का रे?" वरून आवाज आला.

"धरलंय गो. कोणाक लागला नाय ना?"

"नंदकिशोर आहेत मध्ये. लागलं नाही, नुसते पांढरे पडलेत. आता ढील दे. हळू. अरे, हळू!"

नंदकिशोर खरे हादरले ते पोत्यामुळे नव्हे, त्या 'अरे'मुळे. चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात सुलक्षणाबाईंनी नवऱ्याला 'अहो'शिवाय हाक मारलेली कोणी ऐकली नव्हती. त्यांनी दूध घरी ठेवलं आणि बायकोला सांगितलं की मेस्त्रींच्या घरात काहीतरी बिनसलंय. दुपारपर्यंत ती बातमी शेजारच्या दोन सोसायट्यांत पोचली होती.

बिनसलं काहीच नव्हतं. दोरावर 'अहो' चालत नाही, एवढाच तो नियम होता. चढणाऱ्याचा पाय सुटला की तो एका शब्दात ओरडतो आणि खालच्याने त्या क्षणाला दोर आवळायचा असतो. "अहो, जरा दोर ओढून धरता का?" असं म्हणेपर्यंत बाई जमिनीवर यायच्या. म्हणून सुलक्षणाबाईंनी सरावाच्या पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, "दोर हातात असेपर्यंत मी तुम्हाला अरे-तुरे करणार. दोर सोडला की परत अहो." काशीरामांनी मान हलवली. त्यांना त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. त्यांची अडचण वेगळी होती. त्यांना उंचीची भीती वाटायची, आणि ती साधीसुधी नव्हती. घरातली ट्यूबलाइट गेली तर स्टुलावर बाई चढायच्या आणि काशीराम खाली स्टूल धरून, नजर फरशीत रोवून, "झाला काय?" असं विचारत राहायचे.

अशा माणसाचं लग्न सुलक्षणाबाईंशी कसं झालं, हे सांगायला साकीनाक्याला जावं लागेल. काशीराम तिथल्या एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचे. एक दिवस टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करणारी एक सडपातळ मुलगी कागदावर चित्र काढून घेऊन आली. तिला लोखंडी मेखा बनवून हव्या होत्या. एका टोकाला चपट्या, दुसऱ्या टोकाला भोक. कशाला, असं काशीरामांनी विचारलं. उभं राहायला, ती म्हणाली. कुठे, त्यांनी विचारलं. तिने बोट वर केलं. काशीरामांनी त्या बोटाच्या दिशेने पाहिलं, पत्र्याच्या छपराच्या फटीतून आभाळ दिसलं आणि त्यांना गरगरलं. ते गरगरणं उंचीमुळे होतं की मुलीमुळे, याचा उलगडा त्यांना लग्नानंतरही नीटसा झाला नाही. त्यांच्या मेखा सह्याद्रीतल्या कितीतरी कातळांत ठोकल्या गेल्या, पण त्यातली एकही ते बघायला गेले नाहीत. बायको कड्यावर गेली की ते घरी बसून डाळ-तांदूळ निवडायचे. निवडून झालं की परत मिसळून पुन्हा निवडायचे.

आणि बाईंचं नाव तर चढाईच्या जगात मोठं होतं. करवलीचा सुळका म्हणून एक उभा कातळ आहे. त्याच्या मधोमध दगडाचं पोट असं बाहेर आलंय की भल्याभल्यांनी तिथून माघार घेतली होती. तिच्या गिर्यारोहण क्लबचे म्होरके भाऊ आपली फौज घेऊन तिथे गेले तेव्हा सुलक्षणाला बरोबर नेलं होतं ते स्वयंपाकासाठी. दोन दिवस पुरुषमंडळी त्या पोटाखाली लटकून, सालटी काढून खाली आली. तिसऱ्या दिवशी सकाळी सुलक्षणाने चुलीवर पिठलं ठेवलं, वडिलांचा पायजमा चढवला आणि म्हणाली, "भाऊ, मंडळी आंघोळीला गेलीत तोवर जरा दोर धरता का?" भाऊंना गंमत वाटली. त्यांनी धरला. मंडळी ओढ्यावरून परत आली तेव्हा पिठल्याचा कोळसा झाला होता आणि सुलक्षणा सुळक्याच्या माथ्यावर बसून खाली हात हलवत होती. त्या सुळक्यावर जाणारी ती पहिली बाई होती आणि पुरुषही तोवर कोणी गेला नव्हता. नवी वाट जो काढतो, तोच तिला नाव देतो, असा गिर्यारोहकांचा रिवाज आहे. भाऊंनी 'विजयपथ' असं नाव आधीच योजून ठेवलं होतं. सुलक्षणाने त्या वाटेचं नाव 'पिठलं' ठेवलं. आजही पोरं शनिवारी घरी सांगून जातात, "आई, उद्या पिठलं करायला चाललोय," आणि नवख्या आयांना मुलगा किती गुणाचा असं वाटतं.

तर मुलुंडच्या मैदानाला लागून हातापायांच्या आधाराला रंगीत खुंट्या, म्हणजे होल्ड, ठोकलेली चढाईची कृत्रिम भिंत उभी राहिली, तेव्हा तिच्यावरच्या सगळ्यांत उंच वाटेला सुलक्षणाबाईंचं नाव द्यायचं ठरलं. भिंतीवर पोरांना शिकवणारी मानसी आमंत्रण घेऊन घरी आली.

"आजी, तुम्ही फक्त दोन होल्ड चढा. फोटो झकास येईल. मग लगेच सत्कार."

आजींनी हसून मान डोलावली, तिला सोलकढी पाजली आणि ती गेल्यावर दार लावून म्हणाल्या, "अहो, मी वरपर्यंत जाणार."

"अगो, गुडघा बदललाय तुझा. डॉक्टरनं मांडी घालायला नाय सांगितलंय."

"मी काय तिथे मांडी घालायला चाललेय?"

"मग मानसी धरेल की दोर."

"मानसी मायाळू आहे, म्हणूनच नको. मी जरा थांबले की ती घाबरून मला खाली घेईल. आजी म्हणते ती मला. आजीला वर कोण जाऊ देतं?" त्यांनी आपली बोटं समोर धरली. पेरं सुजून गाठाळलेली होती. "सकाळी उठल्यावर तासभर ही मिटत नाहीत. पुढच्या वर्षी कपसुद्धा धरता येईल की नाही, सांगता येत नाही. मला एकदा वर जायचंय. आणि खाली असा माणूस हवाय, जो मी सांगितल्याशिवाय काहीही करणार नाही."

काशीरामांनी विचार केला. "मग तो मीच," ते म्हणाले. "लग्न झाल्यापासून तेच करतोय."

अशा रीतीने सरावासाठी बाईंच्या जागी ते पोतं जिन्यात आलं. पहिल्या दिवशी काशीरामांनी वर पाहिलं, त्यांना घेरी आली आणि पोत्याऐवजी तेच खाली बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोर इतका आवळला की पोतं जागचं हलेना. मग बाईंनीच तोड काढली. बघू नकोस, म्हणाल्या. डोळे मीट. दोर हातात आहे ना, तोच सगळं सांगेल. आणि काय आश्चर्य, डोळे मिटल्याबरोबर काशीरामांचे हात शहाणे झाले.

कार्यक्रमाच्या रविवारी मंडप, सनई, प्रमुख पाहुणे, सगळा थाट होता. निवेदनाचा माइक नंदकिशोरांकडे होता. त्यांनी बाईंना 'हिमालयाची कन्या' म्हणून टाकलं. बाई जन्मात हिमालयात गेल्या नव्हत्या, त्यांना थंडी सोसत नाही. सलवार-कमीजवर पट्टा आवळून त्या भिंतीपाशी गेल्या आणि काशीरामांनी दोर हातात घेतला तेव्हा मानसीचा चेहरा उतरला. तिने बराच वेळ हुज्जत घातली. शेवटी दोराचं मागचं टोक सावधगिरी म्हणून आपण धरायचं, या अटीवर ती तयार झाली.

काशीरामांनी डोळे मिटले.

भिंतीच्या माथ्यावरच्या कडीतून फिरून खाली आलेला दोर, ती वर सरकेल तसा, हळूहळू सैल पडू लागला आणि ते आवरून घेऊ लागले. एक होल्ड, दोन होल्ड. फोटोवाल्याने "बस, बस" म्हटलं. दोर पुढे सैल पडतच राहिला. मंडपातल्या गप्पा थांबल्या. ती कुठे पोचली हे काशीरामांना दिसत नव्हतं, पण ती कशी चालली आहे ते तळव्यांत कळत होतं. बदललेल्या गुडघ्यावर भार टाकताना दोर जरासा थरथरायचा. मग ती थांबायची, श्वास घ्यायची आणि नेटाने वर सरकायची. इतकी वर्षं आपण घरी बसून तांदूळ निवडले आणि या सगळ्याला मुकलो, असं त्यांना वाटलं.

मग दोर थांबला. थांबला तो थांबलाच.

"काका," मानसी कुजबुजली, "खाली घ्या त्यांना. हात थरथरतायत."

"ती बोलली?"

"नाही, पण वाट लागलीय हो त्यांची."

"मग नाय."

नंदकिशोरांनी माइकवरून जाहीर केलं की आजींनी भरपूर केलं, आता त्यांना उतरवण्यात यावं. प्रमुख पाहुण्यांनीही हात जोडले. काशीरामांच्या पाठीला घाम सुटला होता. तिला खाली आणावी असं त्या मैदानात त्यांच्याइतकं कोणालाच वाटत नव्हतं. दोर जरा आवळला, पट्ट्यावरच्या कडीचा दोर सोडायचा खटका दाबला की ती अलगद हातात आली असती. त्यांनी ओठ दाबून धरले आणि ते ढिम्म उभे राहिले.

दोर हलला. सैल पडला. एकदा, आणि थोडं थांबून आणखी एकदा. पोरांनी टाळ्या सुरू केल्या. पुन्हा सगळं स्तब्ध झालं. या वेळी दोरात थरथर नव्हती. ती नुसती थांबली होती.

"घे रे," वरून आवाज आला. बाजारातून आल्यावर पिशवी पुढे करताना यायचा तसाच.

"नक्की?"

"नक्की. घे."

काशीरामांनी दोर आवळला आणि तिला हळूहळू खाली आणलं. पाय जमिनीला लागले तशी मैदानात एकच गलका झाला. "आणि बाईंनी शिखर सर केलं," नंदकिशोर माइकमध्ये म्हणाले.

बाईंनी हात पुढे करून माइक मागितला. तो त्यांना धरता येईना, तेव्हा मानसीने तोंडाशी धरला.

"शिखर-बिखर नाही. वरचा लाल होल्ड राहिला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पोरांसमोर खोटं सांगू नका. त्यांना चढायचंय तो."

"पुढच्या वेळी, आजी," मानसी म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"नाही गं. पुढची वेळ नाही आता." त्या अगदी सहज म्हणाल्या.

मग सत्कार झाला. शाल खांद्यावर आली. प्रमुख पाहुण्यांनी नारळ पुढे केला, बाईंनी दोन्ही हात पुढे केले, पण बोटं मिटेनात. नारळ घरंगळायला लागला तेवढ्यात काशीरामांनी खालून आपले तळवे लावले. तसाच तो राहिला, चार हातांत.

"इकडे बघा," फोटोवाला म्हणाला. पाहुण्यांनी बघितलं, नंदकिशोरांनी बघितलं. बाई भिंतीकडे बघत होत्या.

"किती राहिला?" काशीरामांनी हळूच विचारलं.

"हातभर."

"दिसतोय," काशीराम वर बघत म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घेतली नाही.