बिजली भुंकली तर

बिजली भुंकली तर माणूस जिवंत. गप खाली बसली तर नाही. उंबरवाडीतल्या शेंबड्या पोरालाही दोन दिवसांत एवढं पाठ झालं होतं. आणि दोन दिवसांत बिजली एकदाही भुंकली नव्हती.

वरंधच्या वर, डोंगराच्या पोटाशी ही वाडी. दरड कोसळली त्या दिवशी नऊ वर्षांची सेजल आणि तिची आजी साळूबाई खाली नाते गावात बारशाला गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. हैबतीआजोबा मात्र मागे राहिले. "म्हशीला बारसं कळत नाय गो, तिला वैरण कळते," असं म्हणाले आणि हसले. आजोबा येत नाहीत म्हणून सेजल रुसली आणि त्यांच्याकडे वळूनही न बघता निघाली. परत आली तेव्हा घर नव्हतं, गोठा नव्हता. दारातल्या फणसाचा नुसता शेंडा लाल चिखलातून वर आला होता.

दुसऱ्या दिवशी बचाव पथक आलं आणि त्यांच्याबरोबर त्यांची कुत्री बिजली आली. तपकिरी रंग, लोंबते कान, अंगावर लाल जाकीट. शुभम नावाचा जवान तिला सांभाळायचा. "शोध," तो म्हणाला की बिजली चिखलात नाक खुपसत धावायची. सेजलने पहिल्याच संध्याकाळी तिच्यापुढे अर्धी भाकरी धरली.

"कामावर असताना तिला बाहेरचं द्यायचं नाही हं," शुभम म्हणाला.

आता नाही म्हटल्यावर गप्प बसेल ती सेजल कसली! तिने बादलीभर पाणी आणलं आणि बिजलीचे पाय धुवायला घेतले. बोटांच्या बेचक्यांत चिखल घट्ट बसला होता, खडे रुतले होते. एकेक खडा तिने नखाने हळू उकरून काढला. बिजलीने तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि दमलेल्या म्हाताऱ्यासारखा एक लांब सुस्कारा सोडला. तेव्हापासून दोघींची गट्टी जमली. आजीलाही न सांगितलेली गोष्ट सेजलने बिजलीच्या कानात सांगितली. "मी निघताना आजोबांना टाटा केला नाय. तू त्यांना शोध, मग मी करीन."

साळूबाई देवळाच्या पायरीवर बसून होती. तिच्याजवळ पाण्याने भरलेला तांब्या होता. कुणाला हात लावू देत नव्हती. "बाहेर काढला की पयलं पाणी मागंल तो," एवढंच म्हणायची. सांजसकाळ शिळं पाणी ओतून ताजं भरायची.

शोधाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी बिजली उठलीच नाही. तिने खाल्लं नाही, शुभमच्या हाकेला कानही हलवला नाही. मोठी माणसं बाजूला जाऊन कुजबुजू लागली. मोठ्यांना वाटतं, आपण कुजबुजलो की लहान मुलांचे कान बंद होतात. सेजलने सगळं ऐकलं. आज संध्याकाळी शोध थांबवणार होते. नऊ माणसं मिळाली होती, एकही जिवंत नव्हतं. राहिले होते ते फक्त आजोबा.

"दादा, ती आजारी हाय?" सेजलने विचारलं.

शुभम तिच्याजवळ उकिडवा बसला. "आजारी नाही. तिचा धीर सुटलाय. जिवंत माणूस सापडलं की हिला फार आनंद होतो, सगळे शाबासकी देतात. इथं तसं कुणी सापडलंच नाही. अशा वेळी आम्ही आमच्यातल्याच कुणाला तरी लपवतो आणि तिला शोधायला लावतो. मग ती पुन्हा कामाला लागते."

"मी लपते," सेजल म्हणाली. "मग ती आजोबांना शोधंल ना?"

शुभम उठला. त्याने तिचा हात धरला आणि तिला शाळेकडे नेलं.

शाळेमागे सरपणाचं खोपटं होतं. सेजल लाकडांमागे शिरली आणि अंगावर गोणपाट ओढून बसली. चिखल उपसणाऱ्या सगळ्यांना शुभमने सांगून ठेवलं होतं की भुंकणं ऐकलं तरी धावू नका, हा खेळ आहे. देवळाच्या पायरीवरच्या म्हातारीला सांगायचं मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

थोड्या वेळाने धापा ऐकू आल्या. ओलं नाक गोणपाटात घुसलं आणि बिजली भुंकली. केवढ्याने भुंकली! सेजलचा गाल, कान, नाक, सगळं चाटून काढलं तिने. तीन दिवसांत सेजल पहिल्यांदाच हसली.

तेवढ्यात साळूबाई धावत आली. अनवाणी, पदर चिखलात लोळतोय, दोन्ही हातांत तांब्या आणि पाणी सांडतंय. "गावला! गावला का गो? कुठं हाय?"

गोणपाटाखालून नात बाहेर आली.

साळूबाई तिच्याकडे बघत राहिली. शुभमने खाली मान घातली. मग म्हातारी मटकन खाली बसली आणि तिने तांब्या सेजलच्या ओठांना लावला. "पी. तुझा पन घसा सुकला असंल." तांब्यातलं सगळं पाणी तिने सेजलला पाजलं. मग उठून पुन्हा तांब्या भरला आणि परत पायरीवर जाऊन बसली. सेजलला इतकी लाज वाटली, की कुठे तोंड लपवावं तिला कळेना.

बिजली मात्र उठली होती. शेपटी हलवत ती थेट वर गेली, फणसाच्या शेंड्यापाशी. तिने दोन फेऱ्या मारल्या, पंजाने माती उकरली. देवळापाशी सेजलने आजीचा हात घट्ट धरला. "भुंक गो," ती पुटपुटत होती. "भुंक गो बिजली, भुंक."

बिजलीने खाली वळून पाहिलं. मग ती गप खाली बसली.

आजोबांना वर काढलं तेव्हा त्यांच्या मुठीत म्हशीचं दावं होतं. साळूबाईने तांब्यातलं पाणी त्यांच्या ओठांवर घातलं, सगळं बाजूने ओघळून गेलं. सेजलने हात वर केला आणि हलवला, बराच वेळ हलवत राहिली. पण आजोबांनी काही बघितलं नाही. आपण त्या दिवशी का रुसलो, म्हणून तिला स्वतःचा फार फार राग आला.

बिजली शाळेच्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. सेजल नाक पुसत शुभमजवळ गेली.

"दादा, तिला परत तसंच झालंय. मी लपू?"

शुभमचे डोळे भरून आले. त्याने होकारार्थी मान हलवली.

सेजल पुन्हा लाकडांमागे शिरली. आता तिला रडू आवरेना. गोणपाट तोंडात कोंबलं तरी हुंदके बाहेर पडत होते. बिजलीला शोधायला काहीच कष्ट पडले नाहीत. ती भुंकली, पुन्हा पुन्हा भुंकली. सगळ्या वाडीने ऐकलं, पण कुणी धावलं नाही.

साळूबाई तेवढी आली, सावकाश चालत. आता तिला खेळ ठाऊक झाला होता. वाकून तिने सेजलला लाकडांमागून बाहेर ओढलं, पोटाशी धरलं, आणि दुसरा हात बिजलीच्या डोक्यावर ठेवला.

"शाबास गो बाय," ती म्हणाली. "माजी नात शोधलीस."