एका स्टारचे दोन

सुदेश कोडिंग शिकला तो कल्याणजवळच्या मोहने गावातल्या खोलीत, फुकटच्या व्हिडिओंवर. त्यामुळे ठाण्यातल्या बाळकुमच्या ऑफिसात सलिल सरांनी कॉमेंट, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी ठेवायच्या टिपा, कशा लिहायच्या याचे अकरा पानी नियम पाठवले, तेव्हा त्याचं टाळकंच सटकलं. कोडच्या प्रत्येक तुकड्याच्या, फंक्शनच्या, डोक्यावर कॉमेंट. पहिलं वाक्य एका ओळीत. शेवटी पूर्णविराम. मग एक ओळ रिकामी. मग आत काय येतं, बाहेर काय जातं. खरं लिहा, असं मात्र अकरा पानांत कुठे नाही.

"शुक्रवारी चारपर्यंत मशीनच्या तपासणीत चुकीची एक जरी लाल ओळ दिसली," सलिल सर म्हणाले, "तर तुझं पर्मनंटचं पत्र सहा महिने पुढे."

वर्षभर त्या पत्रासाठी घासलेली. शेजारच्या टेबलावर कृतिकाचं सगळं पास, हिरवंगार. सुदेशने डोकावून वाचलं : 'मजला आणतो. आत: मजला. बाहेर: मजला.'

"अगं, यातून कळलं काय?"

"कळायला कोण बसलंय? हिरवं झालं ना!"

सुदेशच्या कोडमध्ये कॉमेंट ढिगाने होत्या, पण स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेल्या, सुरुवातीला एकच स्टार (*) असलेल्या. त्याने पूर्णविराम ठोकले, ओळी सोडल्या, आत-बाहेर लिहिलं आणि नियमात होतं म्हणून एका फटक्यात सगळीकडे एका स्टारचे दोन केले. तपासणी हिरवी.

आता एक स्टार म्हणजे घरातली गोष्ट. दोन स्टार म्हणजे मशीन ती उचलतं आणि गिऱ्हाइकाच्या माहितीपुस्तिकेत छापतं. हे नवव्या पानावर होतं. सुदेश सातव्यावरच शिव्या घालून थांबलेला.

गिऱ्हाईक होते कल्याणचे त्र्यंबकराव. लिफ्टच्या देखभालीचा धंदा, तक्रारी घ्यायचं सॉफ्टवेअर सलिल सरांच्या ऑफिसातून बनवून घेतलेलं. पुस्तिका मराठीत हवी हा हट्ट त्यांचाच. गुरुवारी ती आली आणि त्यांनी न वाचता, कौतुकाने, नव्वद सोसायट्यांच्या सेक्रेटरींना पाठवली.

शुक्रवारी दुपारी तीनला ते पुस्तिका हातात घेऊन ऑफिसात.

"ओ सलिलसाहेब, हे पान एकवीस वाचा. मोठ्याने."

सलिल सरांनी वाचलं. "'तक्रार बारा मिनिटं दाबून ठेवतो. त्र्यंबकरावांचं म्हणणं, तेवढ्यात लोक कंटाळून जिन्याने जातात आणि तक्रार मागे घेतात. आत: तक्रार. बाहेर: काही नाही.'"

कृतिकाने तोंडावर रुमाल धरला.

"सकाळपासून फोन चाललेत! डोंबिवलीची एक बाई म्हणते, लिफ्टमध्ये अडकलेल्या माझ्या सासूबाईंच्या बारा मिनिटांचा हिशोब द्या!"

"सुदेश!" सलिल सर ओरडले. "हे काय आहे?"

"फॉरमॅट चुकलाय का, सर?"

"फॉरमॅट बरोबर आहे."

"माहिती चुकलीय का, शेठ?"

त्र्यंबकराव छताकडे बघायला लागले. मग म्हणाले, "ती बारा मिनिटं आताच्या आता काढा. पाचला सगळे सेक्रेटरी माझ्या दारात येणार आहेत."

सलिल सर कृतिकाकडे वळले. तिने नकारार्थी मान हलवली. "सर, ती चार ठिकाणी आहेत. कुठे, ते ह्यालाच माहीत. मी शोधायला घेतली तर सोमवार उजाडेल."

सगळे सुदेशकडे बघायला लागले. सुदेश खुर्चीत टेकून बसला.

"काढतो की, सर. पण तपासणी हिरवी आहे. आधी पत्र."

"तू मला अडवतोयस?"

"तुम्ही वर्षभर अडवलंत. मी दहा मिनिटं."

"द्या हो त्याला काय ते!" त्र्यंबकराव खेकसले.

पत्र छापून आलं, सही झाली. सुदेशने ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि कामाला लागला. चार जागा, नऊ मिनिटं.

लगेच त्र्यंबकरावांचा फोन वाजला. मेकॅनिक तानाजी. आवाज दारापर्यंत येत होता : "शेठ, कळव्यात एक, खडकपाड्यात दोन, सगळ्या तक्रारी एकाच टायमाला आल्या! उडत जाऊ काय?"

त्र्यंबकरावांनी फोन घाईने बंद केला.

"तानाजी सोडून मेकॅनिक किती आहेत, शेठ?" सुदेशने विचारलं.

त्र्यंबकरावांनी पुस्तिका पिशवीत कोंबली.

"हे कुठे लिहू नकोस."